कपाटातली कीर्द : विद्यापीठांचा संशोधन-डेटा एकमेकांना खुला का व्हायला हवा

दिवाळीत शेजारचा मुलगा फराळाला आला होता. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, तो दोन घरं पलीकडे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चकली मोडता मोडता म्हणाला, "काकू, ती वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली ना? आता सगळं संशोधन फुकट वाचता येतं. मग तुम्ही अजून 'डेटा खुला करा' म्हणून का मागे लागलात?"

त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि हा गोंधळ एकट्या त्याचा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ती वाचू शकणाऱ्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला जे लेख कधी दिसलेच नसते ते आता दिसतात. ही मोठी गोष्ट आहे. पण या पैशांतून आपल्याला वाचायला मिळतात ते शोधनिबंध. ज्या नोंदींवर ते निबंध उभे आहेत, त्या नोंदी अजूनही बहुतेक वेळा कुणाच्या तरी कपाटात, पेन ड्राइव्हमध्ये किंवा निवृत्त झालेल्या सरांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्येच असतात.

ताळेबंद आणि कीर्द

माझे आजोबा मांडवीजवळ एका पेढीवर हिशेब लिहायचे. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा प्रत्येक व्यवहार कीर्दीत चढायचा. कीर्दीवरून खतावणी व्हायची आणि वर्षाच्या शेवटी एका पानाचा ताळेबंद निघायचा. मालक चार लोकांना दाखवायचा तो ताळेबंद. पण भागीदाराला शंका आली की तो कीर्द मागायचा, आणि कीर्द दाखवायला खळखळ करणाऱ्या पेढीवर कुणी विश्वास ठेवत नसे.

शोधनिबंध हा ताळेबंद आहे आणि डेटा ही कीर्द. मोजमापं, सर्वेक्षणातली उत्तरं, फोटो, मुलाखतींच्या ध्वनिफिती, दगडांच्या नोंदी, हिशेबासाठी लिहिलेला प्रोग्राम, हे सगळं डेटात येतं. मराठीत 'विदा' असाही शब्द आहे, पण बोलताना आपण डेटाच म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणते.

कीर्द दिसली नाही तर काय होतं याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकासाचा वेग एकदम घसरतो. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या निबंधाचा भरपूर आधार घेतला. थॉमस हर्न्डन नावाच्या एका विद्यार्थ्याला वर्गातला अभ्यास म्हणून तो हिशेब पुन्हा करायचा होता. त्याचा ताळा काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. २०१३ मध्ये उघड झालं की सरासरी काढणाऱ्या सूत्रात पाच देश धरलेच नव्हते. आणखीही काही निवडी वादाच्या निघाल्या. निबंधात जी सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती, ती त्या विद्यार्थ्याच्या हिशेबात २.२ टक्के आली. तीन वर्षं निबंध हजारो लोकांनी वाचला होता. चूक सापडली ती फाइल उघडल्यावर.

दुसऱ्या विषयाच्या माणसाला याचं काय?

चूक पकडणं हा खुल्या डेटाचा लहान फायदा. मोठा फायदा वेगळाच आहे, आणि तो बडोद्यात राहणाऱ्याला विश्वामित्री नदीवरून चटकन कळेल.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहरावर सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा शहरात शिरली, तेव्हा वनखात्याने तीन दिवसांत वस्त्यांमधून दोन डझन मगरी पकडून नेल्या. आता हा पूर आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आवारातून बघा. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात भूगर्भशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, अभियांत्रिकी आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, समाजकार्याची विद्याशाखा आहे, पुरातत्त्व आहे, आणि बरंचसं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर. अशा शहरात भूगर्भवाला नदीने आणलेल्या गाळाचे थर मोजू शकतो. प्राणिशास्त्रवाला मगरी आणि त्यांची घरटी मोजेल. अभियंत्याजवळ पुलाखालच्या पातळीच्या नोंदी असतील, डॉक्टरकडे पुरानंतरच्या पंधरवड्यात तापाने आलेल्या रुग्णांच्या. समाजकार्याची मुलगी नदीकाठच्या वस्तीत घरोघर जाऊन विचारेल, पाणी किती वाजता आलं, कुठवर चढलं, कुणाकडे गेलात.

पूर एकच, पण प्रत्येकाच्या वहीत त्याचा एकेक तुकडा. आणि खरे प्रश्न तुकड्यांच्या मधल्या फटीत असतात. पाणी किती तास साचलं की ताप वाढतो? मगरींची जागा भराव घालून बुजवली की त्या कुठल्या गल्लीत जातात? यांचं उत्तर एका विभागाला एकट्याने देता येणार नाही. वह्या शेजारी ठेवल्या तरच देता येईल.

आणि दर वेळी शेजारी बसलेल्या माणसालाच उपयोग होतो असंही नाही. १९७१ साली प्रथिनांच्या रचना साठवणारी 'प्रोटीन डेटा बँक' सुरू झाली तेव्हा तिच्यात जेमतेम सात रचना होत्या. जगभरच्या प्रयोगशाळा त्यात भर घालत राहिल्या आणि संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. पन्नासेक वर्षांनी संगणकवाल्यांनी त्या साठ्यावर आल्फाफोल्ड हा प्रोग्राम शिकवला. तो प्रथिनाच्या साखळीतल्या घटकांच्या क्रमावरून त्याचा आकार ओळखतो. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. सत्तरच्या दशकात एखाद्या प्रथिनाची रचना काढून जमा करणाऱ्या जीवशास्त्रज्ञाच्या मनातही हा उपयोग नव्हता. उपयोग आधी ठरवून डेटा ठेवता येत नाही, म्हणून तो नीट ठेवावा लागतो.

पण वह्या शेजारी ठेवल्या म्हणून जुळत नाहीत

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे आणि बोललं जातं ते मात्र कायद्याबद्दल आणि सर्व्हरबद्दल.

'नमुना' हा साधा शब्द घ्या. भूगर्भशास्त्रात नमुना म्हणजे दगडाचा तुकडा. डॉक्टरकडे तो बाटलीतलं रक्त असतो. संख्याशास्त्रात नमुना म्हणजे निवडलेल्या चारशे घरांचा गट. तिघांनी आपापल्या फाइलमध्ये 'नमुना क्रमांक १७' लिहिलं तर १७ म्हणजे तीन अगदी निराळ्या गोष्टी. जागेचंही तसंच. अभियंता नदीच्या लांबीवर अंतर मोजून जागा लिहितो, रुग्णालयात वॉर्ड नंबर असतो, सर्वेक्षणात वस्तीचं लोकांच्या तोंडचं नाव. वॉर्डांच्या हद्दी दर काही वर्षांनी बदलतात. एकाच वस्तीला गुजरातीत एक नाव आणि आमच्या जुन्या मराठी घरांत दुसरंच. यातल्या दोन फाइली जोडायला काहीतरी समान दुवा लागतो. बहुतेक वेळा तो दुवा म्हणजे अक्षांश-रेखांश आणि तारीख. या दोन गोष्टी प्रत्येकाने आपल्या नोंदीत घातल्या, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

तारीखसुद्धा दगा देते. एक्सेलमध्ये 'MARCH1' (मार्च१) असं एका जनुकाचं नाव लिहिलं की प्रोग्राम त्याची एक मार्च करून टाकायचा. ही चूक संशोधनाच्या फाइलींमध्ये इतकी पसरली, की २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली.

माझ्यावरही एकदा वेळ आली होती. मुलांच्या उंची-वजनाचा अभ्यास करताना मला आधीच्या एका सर्वेक्षणाची फाइल हवी होती. ज्या संस्थेकडे ती होती त्यांनी आढेवेढे न घेता दिली. उघडून बघते तर रकान्यांची नावं व्ही१, व्ही२, व्ही३. काय आहे, कोणत्या एककात आहे, कुठेच लिहिलेलं नाही. अंदाजाने वजनाचा रकाना ओळखला आणि सरासरी काढली, तर चार वर्षांच्या मुलांचं वजन अठ्ठावीस किलो. तीन आठवडे मी माझ्याच सूत्रात चूक शोधत बसले. ज्यांनी ते सर्वेक्षण केलं होतं त्या बाई निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेल्या होत्या. शेवटी फोन लागला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "अगं, मूल घरी नसेल तर आम्ही ९९ लिहायचो." प्रत्येक गैरहजर मूल माझ्या हिशेबात ९९ किलोचं झालं होतं.

ती फाइल खुली होती. तरी माझ्यासाठी ती बंदच होती.

डेटाबद्दल लिहिलेल्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. मी तिला चिठ्ठी म्हणते. आई लोणच्याच्या बरणीवर चिकटवायची तशी: कशाचं, कधी घातलं, मीठ किती. आपल्या शहराला हे नवीन नाही. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्याखेड्यांत फिरली. बॉर्डनने बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धतही बसवली, कारण हजारो पुस्तकांच्या ढिगात हवं ते सापडलं नाही, तर ती असून नसल्यासारखी. डेटाला आज हव्या आहेत त्या नेमक्या अशाच पेट्या आणि अशीच सूची.

'खुला' म्हणजे नेमकं काय

२०१६ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने चार कसोट्या मांडल्या, त्या जगभर चालतात. डेटा सापडला पाहिजे, मिळाला पाहिजे, दुसऱ्या डेटाशी जुळला पाहिजे, आणि पुन्हा वापरता आला पाहिजे. यात 'सगळं सगळ्यांना द्या' असं कुठेही नाही. मिळण्याची वाट लिहिलेली असली तरी चालतं: अमुक समितीला अर्ज करा, अमुक अटी पाळा. परदेशात साधारण असा नियम मानतात, की जमेल तितकं खुलं आणि गरजेपुरतंच बंद.

ठेवायचा कुठे? स्वतःच्या कॉम्प्युटरवर नाही, हे नक्की. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाचशेहून अधिक निबंधांच्या लेखकांना त्यांचा मूळ डेटा मागून पाहिला. निबंध जसजसा जुना, तसतशी डेटा हाती असण्याची शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत गेली. ईमेलचे पत्ते बदलतात, डिस्क बिघडतात. म्हणून सार्वजनिक कोठार हवं. युरोपातल्या सर्न या संशोधनसंस्थेने २०१३ पासून चालवलेलं झेनोडो कुणालाही मोफत वापरता येतं, आणि तिथे ठेवलेल्या प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या शोधगंगेवर देशभरातले लाखो पीएचडी प्रबंध खुले झाले आहेत. प्रबंध खुले करता येतात हे आपण करून दाखवलं आहे. त्यामागची कीर्द ही पुढची पायरी.

"मी उन्हात फिरलो, फळ दुसऱ्याने का खावं?"

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण यात दुखणं खरं आहे. तीन वर्षं उन्हातान्हात फिरून गोळा केलेल्या नोंदी घेऊन कुणी खोलीत बसून आपल्याआधी निबंध छापला, तर ते कुणालाही लागेल. यावर दोन उपाय आहेत. पहिला, मुदत. डेटा कोठारात आज ठेवायचा, पण आपला निबंध निघेपर्यंत, किंवा वर्ष-दोन वर्षं, तो उघडायचा नाही. दुसरा, कायमचा क्रमांक. त्यामुळे वापरणाऱ्याला तुमच्या डेटाचा उल्लेख निबंधासारखाच करावा लागतो.

पण हे उपाय कागदावरच राहतात, कारण बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात, डेटाचे संच नाही. जोवर निवड समिती अर्जात 'तुमचा डेटा किती जणांनी वापरला' असा रकाना ठेवत नाही, तोवर तरुण प्राध्यापकाला उदार व्हा म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. हे विद्यापीठांनीच बदलायला हवं. त्याचं ओझं विद्यार्थ्यावर टाकू नये.

"आजाऱ्याचं नाव गावभर होईल"

नाव काढून टाकलं की काम झालं, असं वाटतं. तसं नसतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत लताना स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने नावं वगळलेल्या रुग्णालयीन नोंदी आणि मतदारयादी शेजारी ठेवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद ओळखून काढली. तिला फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड पुरले. दोन वह्या जोडण्याची जी ताकद मी वर सांगितली, तिचीच ही दुसरी बाजू आहे. विभागांमधल्या भिंती जितक्या पाडू तितकी ही काळजी वाढते, हे मान्यच करायला हवं.

म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट, घराऐवजी मोठा विभाग, आणि ज्या गटात चार-पाचच माणसं असतील तो गट दाखवायचाच नाही. एवढं करूनही धोका उरत असेल तर डेटा बाहेर न्यायचा नाही. संशोधकाने सुरक्षित जागी येऊन वापरायचा. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधनाला काही अटींवर सवलत दिली आहे. पण मुलाखतीआधी माणसाची संमती घेताना 'हे पुढे दुसरे संशोधकही वापरतील' हे त्याच्या भाषेत सांगणं, हे कायद्याच्याही आधी येतं. मगरीच्या घरट्याची आणि न उकरलेल्या टेकाडाची नेमकी जागाही अशीच झाकून ठेवायची, नाहीतर शिकारी आणि खजिना शोधणारे आधी पोचतील.

"आम्ही संस्कृतवाले, आमच्याकडे कसला डेटा?"

एका प्राध्यापकांनी मला हे अगदी मनापासून सांगितलं. त्यांना मी त्यांच्याच शहरातलं उदाहरण दिलं. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली, वेगवेगळ्या लिप्यांतली हस्तलिखितं जमवून, श्लोक श्लोकाशी ताडून. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी निवडलेला पाठ. खाली बारीक अक्षरात, कोणत्या हस्तलिखितात काय वेगळं आहे त्याच्या खुणा. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाने तळटीप बघावी आणि स्वतःचा पाठ ठरवावा.

ही खुली कीर्दच झाली. ताळेबंद वर, कीर्द खाली, एकाच पानावर. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारतासाठी हेच केलं. त्या तळटिपा आज यंत्रात घातल्या तर कोणती प्रत कुठून कुठे गेली याचा नकाशा काढता येईल, आणि त्यासाठी लागणारं गणित जीवशास्त्रवाले प्राण्यांची वंशावळ काढायला रोज वापरतात. तसंच गायकवाडी दफ्तरातल्या मोडी कागदांचं. शेतसारा माफ करा म्हणून केलेल्या अर्जात 'पाऊस पडला नाही' हे वाक्य इतिहासकाराला महसुलाची गोष्ट सांगतं, हवामानवाल्याला पावसाची. १८९९-१९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळाबद्दल आपल्या आज्या बोलायच्या. त्याचे गावागावांतले तपशील शोधायचे तर पर्जन्यमापकांचे आकडे आणि असे कागद, दोन्ही लागतील. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, त्यामुळे हे काम थांबवण्यासारखं नाही.

"परदेशी लोक सगळं घेऊन जातील"

हळदीची गोष्ट आठवते का? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हे ज्ञान आधीच लिहून प्रसिद्ध झालेलं होतं, म्हणून ते वाचलं. नोंदलेल्या, तारीख पडलेल्या, उघड्यावरच्या गोष्टीवर कुणाला 'ही माझी' म्हणता येत नाही. मात्र एखाद्या आदिवासी पाड्याने विश्वासाने सांगितलेली वनस्पतींची माहिती ही त्या पाड्याची आहे. ती उघडायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, विद्यापीठाने परस्पर नव्हे.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?"

शेजारच्या मुलाने जाता जाता हेच विचारलं. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तो पावसाळी गटारांच्या पातळ्या मोजणार आहे. मी त्याला सांगितलं, डेटा गोळा झाल्यावर चिठ्ठी लिहायला बसलास तर आठवडा जाईल आणि अर्धं विसरलेलं असेल. पहिल्या दिवशी सुरू केलीस तर रोज पाच मिनिटं. विद्यापीठाने प्रत्येक विद्याशाखेत निदान एक माणूस या कामासाठी नेमावा, ग्रंथालयात त्याला बसायला जागा द्यावी, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या कामाचा खर्च धरावा, असं मला वाटतं. पण तोवर वाट बघायची गरज नाही.

मग त्याला माझ्या त्या उंची-वजनाच्या अभ्यासाची चिठ्ठी दाखवली. दीड पान आहे, एका दुपारी लिहिली होती. मोजणी कुणी केली, वजनकाटा कोणता, चपला काढून की घालून, वय कसं ठरवलं, दाखला नसेल तर आईने सांगितलेल्या सणावरून. प्रत्येक रकान्याचं पूर्ण नाव आणि एकक. वस्तीची दोन्ही नावं, अक्षांश-रेखांश. शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली: माहिती मिळाली नसेल तिथे रकाना रिकामा सोडला आहे, ९९ लिहिलेलं नाही.